परसातली वेधशाळा



आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गराजमध्ये खोक्यात पडून आहे. थँक्सगिव्हिंगचा सेल लागला की बिनतारी हवामान केंद्र घेतलं जातं. मुलांना विज्ञानाची गोडी लागेल, आपल्यालाही बागेसाठी उपयोग होईल, असा विचार असतो. खोकं उघडलं की बाहेर लावायचा एक पांढरा संच निघतो. वर गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, वाऱ्याची दिशा सांगणारं एक शेपूट, पावसासाठी नरसाळं, आणि खाली एकावर एक उपड्या ठेवल्यासारख्या पांढऱ्या बशा. घरात ठेवायला एक रंगीत पडदा. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, संच मोकळ्या जागी लावा. इथेच गाडी अडते. मोकळी जागा म्हणजे कुठली? डेकचा कठडा, कुंपणाचा खांब, की छपराचं टोक? मग ठरेपर्यंत खोकं परत गराजमध्ये.

या कार्यक्रमात आपण सहसा वस्तू कशी वापरायची ते सांगत नाही, ती आली कुठून ते सांगतो. पण या खोक्याच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकच आहेत. त्यातल्या एकेका भागामागे 'हे कुठे ठेवायचं' याचा जुना वाद आहे, आणि त्यातले काही वाद शंभर-शंभर वर्षं चाललेले आहेत.

पावसापासून सुरुवात करू, कारण आपण मूळची पावसाची माणसं. नरसाळं उचलून आत पाहा. दोन खोबणींची एक इवलीशी तागडी दिसेल. एक खोबण भरली की ती कलंडते, पाणी सांडतं आणि दुसरी खोबण धारेखाली येते. प्रत्येक कलंडणं म्हणजे एक शतांश इंच, साधारण पाव मिलिमीटर पाऊस. यंत्र पाणी मोजतच नाही, कलंडणं मोजतं. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवायचे, ते भरून बुडालं की एक घटका झाली असं धरायचे. तसलाच हा हिशेब. ही कल्पना सुचली क्रिस्टोफर रेन यांना, १६६२ च्या सुमारास. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारे हेच ते रेन. त्यांचे मित्र रॉबर्ट हुक यांनी पुढे ती एका 'हवामान-घड्याळा'त बसवली आणि कागदाच्या पट्टीवर भोकं पडून आपोआप नोंद होईल अशी सोय केली. म्हणजे आपोआप नोंद करणारं हवामान केंद्र शिवाजी महाराजांच्या काळातलं आहे म्हणायला हरकत नाही. फक्त ते लंडनमध्ये होतं आणि सारखं बिघडायचं.

यंत्र झालं, पण ठेवायचं कुठे? लंडनचे एक नामवंत वैद्य विल्यम हेबर्डेन यांनी १७६६ मध्ये एक साधा प्रयोग केला. तीन सारखी भांडी घेतली. एक बागेत जमिनीजवळ, एक घराच्या छपरावर आणि एक वेस्टमिन्स्टर ॲबीच्या मनोऱ्यावर. वर्षभर पाणी मोजलं. बागेत २२ इंचांहून थोडं जास्त, छपरावर १८ आणि ॲबीवर जेमतेम १२ इंच. आभाळ एकच, ढग तेच, आणि वर गेलं की पाऊस जवळपास निम्मा! विद्वान चक्रावले. थंडगार थेंब खाली येता येता हवेतली वाफ गोळा करून मोठे होत असावेत, असं बेंजामिन फ्रँकलिन यांनीही सुचवून पाहिलं. या कोड्यावर लोक शंभरेक वर्षं डोकं खाजवत राहिले. उत्तर नीट मांडलं ते १८६१ मध्ये विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी. हो, अर्थशास्त्राच्या पुस्तकातले जेव्हन्स. त्यांनी तरुणपणी सिडनीच्या टांकसाळीत नोकरी करताना हवामानाच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यांनी दाखवलं की दोष वाऱ्याचा आहे. वारा भांड्याला अडला की काठावरून उसळी मारून जातो आणि थेंबांना सोबत घेऊन जातो. जितकं उंच, तितका वारा जास्त, तितकं पाणी कमी.

म्हणून छपराच्या टोकाची कल्पना पावसापुरती सोडून द्या. पर्जन्यमापक खाली, मोकळ्यावर, आणि झाड किंवा भिंत जितकी उंच असेल त्याच्या दुप्पट अंतरावर. टाउनहाउसमध्ये राहणाऱ्यांना एवढं अंतर मिळणार नाही, मला ठाऊक आहे. मिळेल तेवढं घ्या, आणि आकडा थोडा कमी येतो हे लक्षात ठेवा.

आता त्या बशा. त्यांच्या आत तापमानाचा आणि दमटपणाचा सेन्सर बसलेला असतो, बोटाच्या नखाएवढा. त्याला ऊन लागता कामा नये, पाऊस लागता कामा नये, पण हवा मात्र खेळती हवी. आज हे उघड वाटतं, पण अठराव्या शतकात तसं नव्हतं. रॉयल सोसायटीचे सचिव जेम्स ज्यूरिन यांनी १७२३ मध्ये हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्यांना सल्ला दिला होता की तापमापक उत्तरेकडच्या खोलीत ठेवा, जिथे क्वचितच शेकोटी पेटते. खोलीत! त्यामुळे त्या काळातल्या कित्येक वह्यांत बाहेरच्या हवेऐवजी दिवाणखान्याचं तापमान उतरलेलं आहे. अमेरिकेत थॉमस जेफरसन यांना याचं भारी वेड. ४ जुलै १७७६ ला फिलाडेल्फियात देशाच्या स्वातंत्र्याची धामधूम चालू असतानाही त्यांनी दिवसातून चार वेळा तापमापक पाहिला. दुपारी एक वाजता ७६ अंश फॅरनहाइट. हातात केवढं काम होतं, आणि गृहस्थ तापमान लिहितोय.

उन्हापासून वाचवायचा प्रश्न सोडवला एका दीपगृह बांधणाऱ्या स्कॉटिश इंजिनिअरने. थॉमस स्टीव्हन्सन, 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील. १८६० च्या दशकात त्यांनी चार पायांवर उभी असलेली, पांढऱ्या रंगाची, तिरप्या फळ्यांच्या दुहेरी भिंतींची एक पेटी सुचवली. आपल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना तिरप्या पट्ट्या असायच्या, वारा येतो पण ऊन येत नाही अशा. त्याच पट्ट्या चारही बाजूंनी लावा, की झाली स्टीव्हन्सनची पेटी. भारतात एखाद्या कॉलेजच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या आवारात ती तुम्ही नक्की पाहिली असेल, मधमाश्यांच्या पेटीसारखी दिसते. तुमच्या खोक्यातल्या बशा म्हणजे तीच पेटी, प्लास्टिकची, घडी करून लहान केलेली. काही महागड्या संचांत आत छोटा पंखाही असतो. सेन्सरवरून हवा खेचून घ्यायची ही युक्ती बर्लिनच्या रिखार्ड आसमान यांची, १८८० च्या दशकातली.

तरी जागा चुकली की बशा काही करू शकत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका काकांच्या यंत्रावर दर शनिवारी सकाळी, ऐन जानेवारीत, उन्हाळा यायचा. बाकीचं गाव गोठलेलं आणि यांच्याकडे वसंत. पुष्कळ तर्क झाले. शेवटी काकूंनी सांगितलं की शनिवारी धुणं असतं, आणि कपडे वाळवायच्या मशीनची गरम हवा बाहेर सोडणारी झडप सेन्सरच्या बरोबर खाली आहे. तर सेन्सर ठेवायचा जमिनीपासून पाचेक फुटांवर, हिरवळीवर, आणि डांबर, काँक्रीट, एसी, ग्रिल यांच्यापासून होईल तितका लांब. सरकारी केंद्रांसाठी इथे फरसबंदीपासून शंभर फुटांचा दंडक आहे. आपल्याला शंभर फूट कुठले मिळायला! पण डेकच्या कठड्यावर तरी नको.

वाऱ्याचं गणित नेमकं उलटं. त्याला उंची हवी, जागतिक प्रमाण दहा मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीएवढं. त्या फिरणाऱ्या वाट्या आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या थॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांच्या, १८४६ च्या. त्यांच्या यंत्राला चार वाट्या होत्या. वाट्या नेहमी वाऱ्याच्या एकतृतीयांश वेगाने फिरतात, मग वाटी केवढीही असो आणि दांडा कितीही लांब असो, अशी त्यांची ठाम समजूत होती. ती खोटी ठरली. हे प्रमाण वाटीच्या आणि दांड्याच्या मापावर अवलंबून असतं, आणि दरम्यान कित्येक ठिकाणी वाऱ्याचे वेग फुगवून लिहिले गेले होते. चारच्या तीन वाट्या केल्या कॅनडाच्या जॉन पॅटरसन यांनी, १९२६ मध्ये.

तुमच्या लक्षात आलं असेल की एकाच दांड्यावर हे सगळं बसवणारा संच ही मुळातच तडजोड आहे. पावसाला खालची जागा हवी, वाऱ्याला वरची, तापमानाला मधली. म्हणून परवडत असेल तर सुटे सेन्सर असलेला संच घ्या, असं माझं मत. सुटे ठेवता येतात ते केवळ तार नाही म्हणून, आणि तार कशी गेली ती गोष्ट मला सगळ्यात आवडते.

तार तोडली ती फुग्यांनी. जमिनीवरचं हवामान कळायला लागलं होतं, पण वर काय चाललंय ते कळेना. पतंगाला किंवा फुग्याला यंत्र बांधून सोडायचं आणि ते कुठेतरी पडलं की शोधून आणायचं, अशी पद्धत होती. फ्रान्सच्या रोबेर ब्युरो यांनी १९२९ मध्ये आणि रशियाच्या पावेल मोल्चानोव यांनी जानेवारी १९३० मध्ये फुग्यासोबत छोटा रेडिओ पाठवला. यंत्र वर जाता जाताच आकडे सांगू लागलं. दमटपणा मोजायला त्या काळी माणसाचा केस वापरत. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, हे स्वित्झर्लंडच्या सोस्यूर यांनी १७८३ मध्येच दाखवून ठेवलं होतं. (मुंबईच्या पावसाळ्यात केसांचं काय होतं ते आठवा, त्यामागे हेच शास्त्र आहे.) फिनलंडच्या विल्हो व्हायसाला यांनी १९३१ मध्ये आपला रेडिओफुगा सोडला. पुढे त्यांच्याच कंपनीने १९७३ मध्ये केसाची सुट्टी केली आणि पातळ प्लास्टिकच्या थराने दमटपणा मोजणारी चकती आणली. त्याच जातीची चकती आज तुमच्या बशांच्या आत बसलेली आहे.

आता जमिनीवर उभं राहून, माणसाशिवाय, आपोआप आकडे पाठवणाऱ्या बिनतारी केंद्राची एक गोष्ट ऐका. ऑक्टोबर १९४३. युरोपचं हवामान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून येतं. पश्चिमेला दोस्त राष्ट्रं बसलेली, त्यामुळे त्यांना उद्याचं आभाळ आज दिसायचं आणि जर्मनांना दिसायचं नाही. त्यावर उपाय म्हणून यू-५३७ ही जर्मन पाणबुडी थेट उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर, लॅब्राडोरच्या उत्तर टोकाजवळ मार्टिन बेमध्ये आली. रबरी होड्यांतून दहा नळकांडी किनाऱ्यावर नेली, एकेक सुमारे शंभर किलोचं. दहा मीटरचा ॲन्टेना उभा केला. सोबत कुर्ट झोमरमायर नावाचे शास्त्रज्ञ होते, म्हणून या केंद्राला आज 'कुर्ट' म्हणतात. तापमान, दमटपणा, दाब, वाऱ्याचा वेग आणि दिशा, म्हणजे तुमच्या खोक्यातलंच सगळं, दर तीन तासांनी सांकेतिक लिपीत प्रक्षेपित होणार होतं. बॅटऱ्या सहा महिने पुरतील अशा. कुणाला संशय येऊ नये म्हणून नळकांड्यावर 'कॅनेडियन मिटिऑर सर्व्हिस' असं रंगवलं आणि आजूबाजूला अमेरिकन सिगारेटची रिकामी पाकिटं टाकली. या नावाचं खातंच अस्तित्वात नव्हतं, आणि लॅब्राडोर तेव्हा कॅनडाचा भाग नव्हता, न्यूफाउंडलंडचा होता. पण वाचायला तिथे होतं कोण?

केंद्र चालू झालं, आणि थोड्याच दिवसांत त्याचा आवाज रेडिओच्या गोंगाटात बुडाला. पाणबुडी पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९४४ मध्ये, जावाच्या समुद्रात सगळ्या खलाशांसकट बुडाली. किनाऱ्यावरची नळकांडी तशीच राहिली. १९७७ मध्ये एका भूगोल-संशोधकाला ती दिसली, पण त्याला वाटलं कॅनडाच्या लष्कराचं काहीतरी असेल. जर्मनीत जुनी छायाचित्रं चाळताना फ्रान्झ झेलिंगर या निवृत्त इंजिनिअरला ही जागा कुठली असा प्रश्न पडला, त्यांनी कॅनडाच्या लष्करी इतिहासकारांना लिहिलं, आणि १९८१ मध्ये केंद्र सापडलं. अडतीस वर्षांनी! आज ते ओटावाच्या कॅनेडियन वॉर म्युझियममध्ये आहे. तिकडे सहलीला गेलात तर मुलांना जरूर दाखवा.

कुर्टला एक टन सामान लागलं. तुमचा संच हातात मावतो आणि दर काही सेकंदांनी बोलतो. मधल्या काळात इलेक्ट्रॉनिक्स लहान झालं हे खरं, पण एक सरकारी निर्णयही झाला. १९८५ मध्ये इथल्या दळणवळण आयोगाने, एफसीसीने, काही रेडिओपट्टे नव्या तऱ्हेच्या प्रक्षेपणासाठी परवान्याविना खुले केले. आपलं वायफाय त्यातूनच आलं. ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यातलाच, आणि इथले पुष्कळसे घरगुती संच ९१५ च्या आसपास बोलतात. युरोपात आणि ब्रिटनमध्ये ८६८. भारतात परवान्याविना वापरायचा पट्टा ८६५ पासून पुढे आहे, आणि आपला ९०२ ते ९२८ चा पट्टा तिकडे काही प्रमाणात मोबाइल फोनसाठी दिलेला आहे. तेव्हा सेलमध्ये दोन संच घेऊन एक बॅगेत घालून नाशिकला बाबांसाठी न्यायचा बेत असेल, तर तो सोडा आणि तिथल्या पट्ट्याचा तिथेच घ्या. आणि शिकागो-मिनेसोटावाल्यांनी बाहेरच्या सेन्सरमध्ये लिथियमच्या बॅटऱ्या घालाव्यात. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या कडाक्याच्या थंडीत मान टाकतात.

हवेच्या दाबाचं एका वाक्यात उरकतो. त्याचा सेन्सर घरातल्या पडद्यात असतो, कारण दाब आत-बाहेर सारखाच. फक्त आपल्या गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची त्यात भरायला विसरू नका, नाहीतर डेन्व्हरकरांना रोज भयानक चक्रीवादळ आल्यासारखा ८३५ चा आकडा दिसेल.

नाशिकचं नाव निघालंच आहे, तर आपल्या घरच्या दोन माणसांविषयी सांगतो. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची. १८४० च्या दशकात तिथे एक मराठी तरुण नोकरीला होता. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरोनाना, ज्यांच्याकडे पुढे लोकमान्य टिळक गणित शिकले. घड्याळात पाहून ठरल्या वेळी उठायचं, यंत्र वाचायचं, वहीत लिहायचं, असल्या नोकरीतून गणिताचा हा थोर शिक्षक घडला.

दुसरं नाव केरळच्या बाईंचं, पण कर्मभूमी पुणे. १९२८ मध्ये भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही 'शिमला ऑफिस' म्हणतात. १९४८ मध्ये अन्ना मणी तिथे रुजू झाल्या. स्वातंत्र्य मिळालं होतं, पण साधा पर्जन्यमापकसुद्धा परदेशातून आणायचा अशी परिस्थिती होती. मणीबाईंनी शंभरेक उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले आणि ती देशात बनवायला घेतली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असा त्यांचा कडक बाणा. त्यांनी आपल्या काकांचा शनिवारचा उन्हाळा पाहिला असता तर काय म्हणाल्या असत्या, त्याची कल्पना करवत नाही.

पण मोजमाप चोख असलं तरी केंद्र किती आणि कुठे, हा प्रश्न उरतोच. सरकार प्रत्येक गल्लीत माणूस नेमू शकत नाही. त्यामुळे या विद्येचा मोठा भार पहिल्यापासून हौशी लोकांनी उचललेला आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे जोसेफ हेन्री यांनी १८४९ मध्ये दीडेकशे स्वयंसेवकांपासून सुरुवात केली. १८६० पर्यंत पाचशे झाले. जिथे तार पोचली होती तिथून तारेने खबर यायची आणि संस्थेच्या दालनात मोठ्या नकाशावर लागायची. ब्रिटनमध्ये जॉर्ज सायमन्स यांनी १८६० पासून नुसत्या पावसासाठी माणसं जमवली. पाद्री, शाळामास्तर, जमीनदार, घरोघरच्या बायका. १९०० मध्ये ते वारले तेव्हा तीन हजारांवर लोक रोज सकाळी भांडं पाहत होते. अमेरिकेत काँग्रेसने १८९० मध्ये कायदा करून हवामान खातं लष्कराकडून काढून घेतलं आणि स्वयंसेवकांच्या जाळ्याला रीतसर जागा दिली. ते जाळं आजही चालू आहे, आठ हजारांहून अधिक ठिकाणी. काही शेतांवर बापामागून मुलगा नोंद ठेवत आलेला आहे.

एवढ्याने भागतं का? २६ जुलै २००५ आठवा. तुमच्यापैकी कित्येक जण तेव्हा इथे होते आणि फोन लागत नव्हता. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाबा वेधशाळेत ७३. दोघींमध्ये अंतर साधारण वीस-बावीस किलोमीटर. दक्षिण मुंबईत ऑफिसात बसलेल्या माणसाला खिडकीतून नेहमीचा जुलै दिसत होता, आणि तो संध्याकाळी लोकल पकडायला निघाला. कलीना बुडाली होती, मिठी नदी घरात शिरली होती, गाड्यांच्या काचा वर करून बसलेली माणसं गुदमरत होती. मुंबई आणि आसपास शेकडो माणसं गेली. शहरात सरकारी वेधशाळा दोन, आणि दोन्हींचे आकडे आपापल्या जागी अगदी बरोबर. मधल्या पट्ट्यात कुठे किती कोसळतंय हे त्या तासाला सांगणारं मात्र जवळपास काही नव्हतं. पुढच्याच पावसाळ्यापासून, २००६ मध्ये, महापालिकेने तीसहून अधिक ठिकाणी आपोआप नोंद करणारे पर्जन्यमापक बसवले, बहुतेक अग्निशमन केंद्रांच्या छपरांवर. हेबर्डेन साहेबांनी छपरावर नाक मुरडलं असतं. पण दाट शहरात चोरापासून, म्हशींपासून आणि पार्किंगपासून सुरक्षित मोकळी जागा छपरावरच मिळते. आत तीच कलंडणारी तागडी.

असंच काहीसं त्याआधी आठ वर्षं इथे घडलं होतं. २८ जुलै १९९७, कोलोरॅडोमधलं फोर्ट कॉलिन्स. शहराच्या एका कडेला फुटाहून जास्त पाऊस झाला, आणि काही मैलांवर दुसऱ्या कडेला माफक. पाच माणसं गेली. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात पाणी शिरून लाखो पुस्तकं भिजली. त्याच विद्यापीठातले हवामानतज्ज्ञ नोलन डोस्केन यांनी नंतर गावभरच्या लोकांकडून आकडे गोळा केले, तेव्हा कुठे पावसाचा नकाशा तयार झाला. पूर ओसरल्यावर जे घरोघरी जाऊन विचारावं लागलं, ते रोजच कळवायला लोकांना सांगितलं तर? १९९८ मध्ये त्यांनी 'कोकोराह्स' नावाचं जाळं सुरू केलं. आज ते पन्नासही राज्यांत आहे, कॅनडातही आहे.

गंमत म्हणजे या जाळ्याला तुमचं बिनतारी यंत्र चालत नाही. त्यांना हवा चार इंच तोंडाचा साधा प्लास्टिकचा पर्जन्यमापक, ज्यात माणूस रोज सकाळी सातच्या सुमारास वाकून पाहतो. कारण मुसळधार पावसात तागडी कलंडते तेवढ्या क्षणात पाणी निसटतं आणि आकडा कमी भरतो. बर्फात तर नरसाळंच गोठतं. बिनतारी यंत्राचा गुण वेगळा आहे. या मिनिटाला किती जोर आहे ते ते सांगतं, रात्री तीन वाजताही, आणि ते आकडे इंटरनेटवरून हवामान खात्यापर्यंत पोचवायचीही सोय आहे. ती हॅम रेडिओवाल्या हौशी मंडळींनी सुरू केली. तिला 'सिटिझन वेदर ऑब्झर्व्हर प्रोग्रॅम' म्हणतात. माझा सल्ला विचाराल तर दोन्ही ठेवा. प्लास्टिकचं भांडं यंत्राच्या शेजारीच लावा, आणि महिन्याने दोन्हींचे आकडे ताडून पाहा. यंत्र किती खोटं बोलतं ते कळलं की त्याच्या आकड्यातून खरं काढता येतं.

एचओएची परवानगी आधी काढून ठेवा, खांब पाहिला की त्यांच्या पोटात गोळा येतो. दांडा ओळंब्यात उभा करा, वरची छोटी बुडबुड्याची नळी त्यासाठीच दिलेली असते. तागडी जराशी तिरकी बसली तरी हिशेब चुकतो. शेपटाची उत्तर फोनवरच्या होकायंत्राने लावत असाल तर त्यात 'खरी उत्तर' निवडा, चुंबकीय नको. नरसाळ्यात महिन्यातून एकदा हात घाला, कोळ्याची जाळी आणि मेपलची पानं निघतील.

आणि कोकोराह्सला आकडे कळवायला लागलात तर एक लक्षात ठेवा. पाऊस पडला नाही त्या दिवशी रकाना कोरा सोडायचा नाही, शून्य लिहायचं. कोरा रकाना पाहिला की नकाशा करणाऱ्याला कळत नाही, तिथे पाऊस नव्हता की माणूस भारतात गेला होता.